आबांच्या थेटरचं कार्ड

पैलवान हवेत अडकला होता.

निळ्या लांगेच्या पैलवानानं तांबड्या लांगेच्याला कंबरेत धरून उचललं होतं. त्याचे पाय वर, डोकं खाली, आणि तेवढ्यात टीव्हीवरचं चित्र थिजलं. आवाज मात्र पुढं चालू होता. हलगी वाजत होती, माणसं ओरडत होती, कुणीतरी शिट्टी मारली, मग कुस्ती झाल्याचा जल्लोष झाला. चित्र पुन्हा हललं तेव्हा तांबड्या लांगेवाला अंगाची माती झटकत निघाला होता.

"कोण जिंकलं?" आबांनी विचारलं.

"निळा असणार."

"असणार म्हणजे? बघायला बसलोय मी. अंदाज करायचा तर तालमीच्या कट्ट्यावर बसलो असतो."

इचलकरंजीतल्या आमच्या घराची ही पुढची खोली. आबांनी तिचं थेटर करायचं ठरवलं होतं. भिंतीवर नवा मोठा टीव्ही लागला होता, दोन बाजूंना दोन स्पीकर उभे होते, आणि टीव्हीखाली मी आणून दिलेला जुना चपटा कॉम्प्युटर होता. मी कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायचे, त्यामुळं घरातला कॉम्प्युटर बिघडला तर तो माझा गुन्हा असायचा. आबांच्या तालमीतल्या एका दोस्ताचा मुलगा गावोगावच्या जत्रांतल्या कुस्त्यांचं चित्रीकरण करायचा. त्यानं आबांना डिस्क भरून कुस्त्या दिल्या होत्या. चित्र इतकं स्वच्छ की पैलवानाच्या पाठीवरचा मातीचा कण दिसावा. आणि आमच्या कॉम्प्युटरला ते झेपत नव्हतं. डाव पडायच्या ऐन क्षणी तो दम खायचा.

"ह्याला ग्राफिक्स कार्ड लागेल आबा," मी म्हटलं. "आत्ता सगळ्या कामाचा भार एकाच चिपवर पडतोय. चित्राचं काम बघायला वेगळं कार्ड बसवलं की सुटलं. फार भारी नको, साधंसुधं चालेल."

"मग आणा की."

"पुढच्या रविवारी येताना आणते."

"तू नको. भारत आणेल. इथं मगदूमाचं दुकान आहे. आणायचं त्यानं, बसवायचं तू."

"मीच आणते ना. मला कळतं त्यातलं."

"म्हणून तर तू बसवायचंस."

माझे वडील आबा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचं काम. मागाशी वाद घालता येत नाही म्हणायचे. ती सवय त्यांनी माणसांनाही लावली होती.

भारत म्हणजे माझा थोरला भाऊ. चार गल्ल्या सोडल्या की त्याचं घर. आई गेल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. मी रविवारी आबांकडं यायचे, आणि तो रविवार सोडून रोज यायचा. असं कुणी ठरवलं नव्हतं. कुलपाच्या दोन किल्ल्या दोन खिशांत असाव्यात, तसं आपोआप झालं होतं.

पुढच्या रविवारी मी गेले तर तो खोलीत बसला होता. मांडीवर मोठं खोकं. त्यावर आग ओकणाऱ्या राक्षसाचं चित्र.

मी आबांकडं बघितलं. आबा पंचांग बघत होते.

मी खोकं उघडलं. आतून विटेएवढं कार्ड निघालं, त्यावर दोन पंखे. आमचा कॉम्प्युटर चार बोटं उंच, फार तर पाच. ते कार्ड त्यात घालायचं म्हणजे म्हैस कपाटात ठेवायची.

"आबा, हे बसणार नाही," मी म्हटलं.

"भारत, बसणार न्हाई म्हणते," आबा म्हणाले. भारत माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"का बसणार नाही, विचारा," भारत म्हणाला.

"का बसणार न्हाई विचारतोय."

"उंची जास्त आहे. आणि ह्याला वीज इतकी लागते की आपला कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. हे गेम खेळणाऱ्या पोरांचं आहे. आपल्याला बुटकं लागतं, एकेरी."

आबांनी भारतकडं मान वळवली. "बुटकं. एकेरी."

"ऐकलं मी," भारत म्हणाला.

त्यानं खोकं उचललं, राक्षसाचं तोंड पुसल्यासारखं त्यावरून हात फिरवला आणि गेला. साऱ्या गल्लीची जेवायची वेळ झाली होती. आबांनी मला विचारलं, "तुझ्यात आणि ह्याच्यात काय फरक सांगू? तू चूक दाखवतीस, तो चूक आणतो. दोघांचं मिळून एक धड माणूस झालं असतं."

"आबा, तुम्हाला कार्ड हवंय ना?"

"व्हय की. न्हाईतर कशाला एवढा खटाटोप?"

मगदूमानं ते मागवेपर्यंत चार रविवार गेले, पाचव्या रविवारी बुटकं कार्ड आलं. या वेळी भारतनं दुकानात नीट विचारलेलं दिसत होतं. खोक्यात लहान पट्टी होती, चपट्या डब्यांसाठी असते ती. मी डबा उघडला, जुनी धूळ ब्रशनं झाडली, कार्ड खाचेत दाबलं. भारत बॅटरी धरून उभा राहिला. मला उजेड हवा होता तिथं तो न सांगता धरत होता. लहानपणी आबा माग उघडायचे तेव्हा आम्ही दोघं आळीपाळीनं कंदील धरायचो. हात हलला की आबा पाना आमच्या बोटांवर हळूच टेकवायचे. भारतचा हात आजही हलत नव्हता.

कॉम्प्युटर सुरू झाला. कुस्ती लागली. निळ्यानं तांबड्याला उचललं, फिरवलं, आणि या वेळी अडथळ्याशिवाय पाठीवर आपटलं. मैदानातल्या माणसांबरोबर मीही जरा "हं!" केलं.

आबांनी मान एका बाजूला कलती केली.

"आवाज येतोय," ते म्हणाले.

"कशाचा?"

"पंखा आहे त्यात. गुणगुणतंय. डास बसल्यावानी."

मी कान लावला. कार्डावर रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा पंखा होता. खरंच, बारीक गुंईं असा आवाज होता. पण हा माणूस आयुष्यभर मागांच्या खडखडाटात जेवला होता. दुपारी त्याच खडखडाटात मागाशेजारी पोत्यावर झोपायचा. माग बंद पडला की जागा व्हायचा.

"आबा, एवढा चालतो."

"तुला चालतो. तू रविवारी येतीस. मला रोज ऐकायचं आहे."

भारतनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. मग आबांकडं.

"बदलून आणतो," तो म्हणाला.

"एकटा जाऊ नको. तू आपला काहीतरी उचलून आणतोस. शैलाला घेऊन जा. तिला कळतंय."

"आज दुकान बंद असेल," मी म्हटलं.

"मगदूम रविवारी उघडं ठेवतो. सोमवारी बंद. मी विचारलंय."

भारतच्या मोटरसायकलवर मी मागं बसले. पर्स आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे, तिथं वळताना त्यानं गाडी हळू केली. तिथं कुठलाही खड्डा नाही.

आई गेली तेव्हा मी परीक्षेच्या कामासाठी नागपूरला होते. फोन आला. मिळेल त्या गाडीनं निघाले, गाड्या बदलत, उभी राहत, बसत. वाटेत भारतला दोनदा फोन केला. त्यानं "ये" एवढंच म्हटलं. पिठाच्या गिरणीपाशी रिक्षातून उतरले, तर समोरून माणसं परत येत होती. सगळ्यांचे पाय ओले. पुढं भारत, डोकं भादरलेलं, खांद्यावर ओला पंचा. मला कळायला वेळ लागला. "थांबला नाहीत?" मी विचारलं. तो म्हणाला, "मी ठरवलं. नाही थांबलो." आणखी काही बोलला नाही. कारण नाही, क्षमा नाही. मी सगळ्या गल्लीदेखत त्याला काय बोलले ते मला आजही तोंडपाठ आहे. बरोबरच बोलले होते असं तेव्हा वाटत होतं. तो गिरणीच्या भिंतीला टेकून ऐकत राहिला. नंतर आमच्यात बोलायला काही उरलं नाही.

मगदूमांच्या दुकानात थंडगार हवा होती आणि एक मोठी उदबत्ती जळत होती. अभिनंदन मगदूम गोरेपान, हसरे गृहस्थ. भारतला बघून त्यांचं हसू थोडं कमी झालं.

"आता काय झालं भारतराव?"

"आवाज करतंय."

"एवढ्याशा पंख्याचा?"

"आबांना ऐकू येतो."

"बरं. गेम कोणते खेळतात आबा?"

"कुस्त्या बघतात."

मगदूमांनी हे शांतपणानं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "नुसतं चित्र स्वच्छ दिसायला हवं आणि टीव्हीची वायर थेट लागायला हवी. ताकदवान काही नको. बिनपंख्याचं आहे का?"

त्यांनी मागच्या फळीवरून धूळ बसलेलं लहानसं खोकं काढलं. "हे कुणी मागत नाही. गेमवाली पोरं बघतसुद्धा नाहीत." आत एक बुटकं कार्ड, आणि पंख्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्या, फणीच्या दातांसारख्या. काही फिरत नाही, काही हलत नाही. तापलं की हवेनं आपलं आपण निवतं.

"ह्याचा आवाज कसा येणार?" मगदूम म्हणाले. "आवाज करायला ह्याच्यात काही नाहीच."

भारतनं ते हातात घेतलं, उलटं-पालटं केलं. फुंकर मारली. मग, आई गेल्यानंतर पहिल्यांदा, सरळ मला विचारलं.

"हे घ्यायचं?"

"घे," मी म्हटलं.

एवढंच. मगदूम पावती करायला वळले. भारतनं खोकं शर्टाच्या आत ठेवलं, बटण लावलं. येताना पर्स मी खांद्याला अडकवली. मध्ये ठेवली तर पात्या वाकतील, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी आलो तेव्हा आबा खुर्चीत अगदी ताठ बसले होते, जसे पाहुणे यायचे असले की बसतात. मी मागं जाऊन हात धुऊन आले आणि डबा उघडला. भारतनं बॅटरी धरली. जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, स्क्रू आवळला, वायर टीव्हीला लावली. कुस्ती सुरू झाली. ही दुसरी कुठली तरी होती, पिवळी लांग आणि काळी लांग. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. पिवळ्यानं काळ्याच्या पायाला मिठी घातली, काळा कोसळला, धुळीचा लोट उठला आणि तो लोटही कुठं अडला नाही. मी आवाज पूर्ण बंद केला, म्हणजे आबांना ऐकू यावं की काहीच ऐकू येत नाही.

खोलीत शांतता होती. शेजारच्या घरात कुणीतरी फोडणी टाकली, तीही ऐकू आली.

आबांनी मान कलती केली. बराच वेळ तशीच ठेवली.

"आवाज येतोय," ते म्हणाले.

मी भारतकडं बघितलं. भारत स्क्रूड्रायव्हरकडं बघत होता.

"बदलून आणतो," तो म्हणाला. रिकामं खोकं उचललं आणि बाहेर गेला. कार्ड कॉम्प्युटरमध्येच होतं.

"आबा," मी म्हटलं, "ह्याला पंखा नाही."

"असं?"

"त्यात फिरणारं काहीच नाही. आवाज येईलच कसा?"

आबांनी धोतराचा सोगा सारखा केला. टीव्हीवर मुक्या माणसांचं मैदान हात वर करून नाचत होतं. ते तिकडंच बघत राहिले.

"बस," ते म्हणाले.

मी बसले.

"तुझ्या आईच्या नाकाला मुंगी लागली होती."

मला काही कळेना.

"खाली निजवलं होतं इथंच. तू बसलीस तिथंच. मी उशाशी होतो. मुंगी आली. मी काढली. दुसरी आली. मी परत काढली. मुंग्या अडाव्यात म्हणून भोवती पीठ टाकलं होतं बायकांनी, तरी येत होत्या. मग मला बघवंना. मी भारतला म्हटलं, उचला. तो म्हणाला, आबा, शैला वाटेत आहे. मी म्हटलं, उचला. तो म्हणाला, थोडं थांबूया, ती येईल. मी म्हटलं, मी बाप आहे का तू? माणसं ऐकत होती. मग तो उठला."

शेजारची फोडणी संपली होती.

"मी ठरवलं असं तो म्हणाला होता," मी म्हटलं.

"त्यानं तसं म्हटलं, ते मी ऐकलं. मागं होतो मी तुमच्या. बोलायला पाहिजे होतं. बोललो न्हाई. मग रविवारी तू यायचीस. दर खेपेला वाटायचं, आज सांगायचं. तू चहा ठेवायचीस. चहा झाला की म्हणायचो, आता पुढच्या रविवारी." त्यांनी गुडघ्यावर हात घासले. "लई चहा झाले."

मी रडले का, असा प्रश्न मला नंतर पुष्कळदा पडला. नाही रडले. मी उठून टीव्हीचा आवाज लावला. का लावला माहीत नाही. हलगी एकदम दणाणली. आबा दचकले.

बाहेर भारत मोटरसायकलला टेकून उभा होता. रिकामं खोकं सीटवर ठेवलं होतं. उन्हात त्याच्या डोळ्यांच्या बाजूच्या सुरकुत्या पांढऱ्या दिसत होत्या. त्याचे केस केव्हा पिकले, ते मी बघितलं नव्हतं.

"गेला नाहीस?" मी विचारलं.

"काय घेऊन जाऊ? खोकं?"

"मग बदलून आणतो म्हणालास."

"तसं म्हटल्याशिवाय बाहेर कसं यायचं?" तो म्हणाला. "बोलले?"

"हो."

"मुंगीचं?"

"हो."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "दुकानातून आल्या आल्या, तू हात धुवायला मागं गेलीस तेव्हा मी त्यांना म्हटलं, आबा, मगदूमाकडं आता दुसरं कार्ड नाही. आता तुमचं तुम्हीच बोला."

"म्हणजे तुला माहीत होतं? पंख्याचं वगैरे?"

"पंखा खरंच वाजत होता. थोडा." त्यानं खोक्याचं झाकण नीट बंद केलं. "पण ज्या माणसाला मी पोर असताना मागाच्या आवाजात हाका मारून दमायचो, त्याला डास ऐकू येतोय म्हटल्यावर मला कळलंच, आवाज कसला आहे ते."

"दादा," मी म्हटलं. हा शब्द तोंडातून कसा निघतो ते मला आठवावं लागलं. "तू का बोलला नाहीस? गिरणीपाशी मी तुला इतकं बोलले. एवढी वर्षं. एकदा सांगायचं होतंस, आबांनी सांगितलं म्हणून."

तो लगेच उत्तर देणारा माणूस नव्हता. आताही नाही. आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती खोली आता भारतच्या सुनेची शिवणकामाची खोली आहे. पण काहीही विचारलं तरी भारत आधी समोरची वस्तू नीट करतो. त्या दिवशी त्यानं गाडीचा आरसा सरळ केला.

"तुला कुणावर तरी रागवायचं होतंच," तो म्हणाला. "आई गेलेली, तू पोचली नव्हतीस. राग येणारच. आबांवर रागावली असतीस, तर रविवारी कुणाकडं आली असतीस? माझ्याकडं तर तू अशीही येत नव्हतीस. म्हटलं, माझ्यावर राहू दे."

गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला. मी तिथं उन्हात उभी राहिले. नागपूरहून येतानाची गाडी, पिठाच्या भोवतीची मुंगी, भिंतीला टेकलेला माझा भाऊ, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"बस," भारत म्हणाला.

"कुठं?"

"घरी. जेवायला."

"वहिनीला सांगितलंस का? ऐन वेळी कसं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पहिलं कार्ड आणलं, त्या दिवसापासून ती दर रविवारी दोन भाकऱ्या जास्त थापते."

"आणि मी येत नाही, मग?"

"मग काय."

"त्या भाकऱ्या कोण खातं?"

"मी," दादा म्हणाला आणि गाडीला किक मारली.